आधी विचारावे, मग वाढावे

मुलांनो, मागच्या वर्षी आमच्या शाळेत घडलेली एक गोष्ट आधी सांगते. मग माझे मत सांगेन. ते पटते की नाही, हे तुम्हीच ठरवा.

मी मूळची शिरूरची. आमच्याकडची जुनी माणसे अजूनही शिरूरला 'घोडनदी' म्हणतात. बी. एड. झाल्यावर मला दौंडच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत नोकरी मिळाली. शिरूरची घोड नदी पुढे भीमेला मिळते आणि भीमा दौंडला येते. नदीमागोमाग मीही दौंडला आले, असे मी गमतीने म्हणते.

त्या दिवशी शाळा सुटली होती. मी वह्या तपासत बसले होते. इतक्यात आठवीतल्या एका मुलीची आई दारात येऊन उभी राहिली. हातात मोबाइल होता.

"टीचर, जरा बघता का? शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचाय. पान उघडतंय, पण पुढं काही जातच नाही."

मी मोबाइल हातात घेतला. पान इंग्रजीत होते. त्यावर दोन तारखा होत्या. पहिली तारीख विद्यार्थ्यांनी अर्ज भरण्याची होती. दुसरी तारीख शाळेने ते अर्ज तपासण्याची होती. त्या बाईंना दुसरी तारीख आपलीच वाटली होती. पहिली तारीख तर दोन दिवसांपूर्वीच उलटून गेली होती.

खात्री करावी म्हणून मी तोच पत्ता माझ्या मोबाइलवर टाकला. पान उघडले आणि मी चकित झाले. माझ्या मोबाइलवर तेच पान मराठीत आले होते! 'विद्यार्थ्याने अर्ज भरण्याची शेवटची तारीख' असे त्यावर स्वच्छ लिहिले होते. मी दोन्ही मोबाइल टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. पत्ता एकच, अक्षरन् अक्षर तोच. पण एक पान इंग्रजीत आणि दुसरे मराठीत.

त्या बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मराठीत होतंच की हो! मराठी तर मला चांगलं वाचता येतं. माझी दहावी मराठी शाळेतूनच झालीय."

त्या वर्षीची शिष्यवृत्ती हुकली ती हुकलीच. रक्कम फार मोठी नव्हती. पण त्या पैशांतून मुलीला सायकल घ्यायची, असे त्या घराने ठरवले होते. ती मुलगी वर्षभर पायीच शाळेत आली.

या प्रसंगात चूक कोणाची? आईची? मोबाइलची? की ते पान तयार करणाऱ्यांची? उत्तर शोधायचे तर पानाची भाषा ठरते कशी, हे आधी समजून घेतले पाहिजे.

इंटरनेटवरचे प्रत्येक पान कुठल्या ना कुठल्या संगणकावर ठेवलेले असते. कोणी मागितले की तो संगणक ते पान पाठवून देतो. अशा संगणकाला 'सर्व्हर' म्हणतात. सर्व्हर म्हणजे सेवा देणारा, वाढणारा. पंगत असो की दस्तरखान, तिथे वाढपी असतोच. सर्व्हर हा इंटरनेटवरचा वाढपी आहे, असे समजा. आणि ज्या ॲपमधून आपण पाने पाहतो, त्याला 'ब्राउझर' म्हणतात. ब्राउझर हा आपल्या वतीने वाढप्याकडे मागणी करतो.

आता चांगला वाढपी काय करतो? तो समोरच्याला विचारतो, "काय वाढू? पोळी की भात?" सर्व्हरला मात्र असे विचारत बसण्याची गरज नसते. ब्राउझरच मागणीसोबत एक चिठ्ठी पाठवतो. त्या चिठ्ठीत लिहिलेले असते, की या वाचकाला कोणत्या भाषा चालतील आणि त्यांचा पसंतीक्रम काय आहे. या चिठ्ठीला 'ॲक्सेप्ट-लँग्वेज' असे नाव आहे. आपण तिला 'भाषेची चिठ्ठी' म्हणू.

ही चिठ्ठी आपल्याला दिसत नाही. पण प्रत्येक पानाच्या मागणीबरोबर ती जातच असते. तिच्यात भाषांची पूर्ण नावे नसतात, खुणा असतात. मराठीची खूण 'एम-आर', उर्दूची 'यू-आर', हिंदीची 'एच-आय' आणि इंग्रजीची 'ई-एन'. काही भाषांना दोन नव्हे, तीन अक्षरांची खूण आहे. कोकणीची खूण 'के-ओ-के' अशी आहे.

प्रत्येक खुणेपुढे शून्य ते एक यांमधला एक आकडा लिहिता येतो. समजा, तुमच्या चिठ्ठीत 'उर्दू १, मराठी ०.८, इंग्रजी ०.५' असे लिहिले आहे. याचा अर्थ असा, की मला सर्वांत आधी उर्दू हवी. ती नसेल तर मराठी द्या. तीही नसेल तर इंग्रजी चालेल. एखाद्या भाषेपुढे शून्य लिहिले, तर ती भाषा मुळीच नको, असा अर्थ होतो.

ही चिठ्ठी वाचून सर्व्हर आपल्याकडे काय काय आहे ते पाहतो. त्याच्याकडे तिन्ही भाषांतली पाने असतील, तर तो उर्दू पान देईल. मराठी आणि इंग्रजी एवढीच असतील, तर मराठी देईल. फक्त इंग्रजी असेल, तर इंग्रजी देईल. आणि समजा, त्याच्याकडे केवळ गुजराती पान असेल तर? तुमच्या चिठ्ठीत गुजराती नाहीच. अशा वेळी सर्व्हर 'जे आहे ते तुम्हांला चालणारे नाही' असे कळवू शकतो. त्यासाठी ४०६ हा आकडा ठरलेला आहे. पान सापडले नाही की ४०४ हा आकडा दिसतो, तो तुम्ही पाहिलेला असेल. ४०६ हा त्याचाच भाऊ. पण बहुतेक सर्व्हर अशा वेळी वाचकाला रिकाम्या हाताने परत पाठवत नाहीत. आपल्या मालकाने ठरवून दिलेल्या भाषेतले पान ते देतात.

हा सगळा व्यवहार नवा नाही. टिम बर्नर्स-ली या शास्त्रज्ञाने जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन संस्थेत १९८९ मध्ये या जाळ्याची कल्पना मांडली. ब्राउझर आणि सर्व्हर यांनी एकमेकांशी कसे बोलावे, याची नियमावली पुढे तयार झाली. जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या १.१ या आवृत्तीत भाषेच्या चिठ्ठीचे नियम सविस्तर दिलेले आहेत. जून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या नियमावलीतही ही चिठ्ठी कायम आहे. म्हणजे वाचकाची भाषा विचारण्याची सोय फार पूर्वीपासून आहे.

मग त्या बाईंच्या बाबतीत काय घडले? मोबाइल विकत घेताना दुकानातल्या मुलाने तो चालू करून दिला होता. पहिल्याच पडद्यावर मोबाइलने विचारले होते, "भाषा कोणती?" त्या मुलाने सवयीने 'इंग्लिश' या शब्दावर बोट ठेवले. एवढेच झाले. त्या दिवसापासून तो मोबाइल प्रत्येक सर्व्हरला सांगत राहिला, की माझ्या मालकिणीला इंग्रजी हवी. सर्व्हरने चिठ्ठी वाचली आणि इंग्रजी वाढली. त्याच्या भांड्यात मराठीही होती. पण ती कोणी मागितलीच नव्हती.

मुलांनो, इथे माझे पहिले मत सांगते. भाषेची निवड वाचकाने स्वतः केली पाहिजे. ती दुकानदाराने करू नये आणि घरातल्या थोरल्या भावानेही परस्पर करू नये. नवा मोबाइल हातात आला की आपण आवाज आणि पडद्यावरचे चित्र आवडीने निवडतो. भाषा मात्र दुसऱ्यावर सोपवतो. हा उलटा न्याय आहे.

निवड करतानाही एक बारकावा लक्षात ठेवायला हवा. काही मोबाइल नुसती 'मराठी' न लिहिता 'मराठी-भारत' अशी जोडखूण पाठवतात. उर्दूच्या बाबतीत 'उर्दू-भारत' किंवा 'उर्दू-पाकिस्तान' अशा खुणा असतात. जुन्या नियमाप्रमाणे काटेकोर वागणारा सर्व्हर 'मराठी-भारत' ही मागणी वाचतो आणि आपल्याजवळच्या पानावर नुसती 'मराठी' ही खूण पाहतो. दोन्ही खुणा जुळत नाहीत, म्हणून तो खाली उतरतो आणि इंग्रजी पान देतो. पंगतीत कोणी 'इंद्रायणीचा भात' मागावा आणि वाढप्याने 'माझ्याकडे नुसता भात आहे' म्हणून पुढे निघून जावे, तसे हे झाले! पुष्कळ सर्व्हर आता जोडखुणेची शेपटी सोडून नुसत्या भाषेचा शोध घेतात. तरीही यादीत जोडखुणेच्या खाली साधी 'मराठी' लिहून ठेवावी, हे चांगले.

आता काही जण म्हणतील, "चिठ्ठीचा एवढा खटाटोप कशाला? वाचक कुठे बसला आहे, हे सर्व्हरला साधारण कळते. महाराष्ट्रातला वाचक दिसला की मराठी द्यावी, म्हणजे झाले!"

हा विचार वरवर बरा वाटतो. पण असे म्हणणाऱ्यांनी एकदा दौंडच्या फलाटावर येऊन उभे राहावे. दौंड हे मोठे जंक्शन आहे. मुंबईहून चेन्नईकडे जाणाऱ्या गाड्या इथून जातात. मनमाडकडे आणि बारामतीकडे जाणारे फाटेही इथूनच फुटतात. गाडी थांबली की एका डब्यातून तमिळ ऐकू येते, दुसऱ्यातून कन्नड, तिसऱ्यातून हिंदी. रेल्वेच्या नोकरीमुळे निरनिराळ्या प्रांतांतली कुटुंबे दौंडमध्ये येऊन राहिली. तिकडे शिरूर तालुक्यात रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत परराज्यांतून आलेले कितीतरी कामगार आहेत. या सगळ्यांचा मुक्काम पुणे जिल्ह्यात आहे. पण सगळ्यांची वाचायची भाषा एक नाही. शिवाय मोबाइल कंपनीच्या जाळ्यामुळे दौंडमधला मोबाइल मुंबईत असल्याचे सर्व्हरला वाटू शकते. म्हणजे जागेचा अंदाजही दर वेळी बरोबर येत नाही.

दुसरे कोणी म्हणेल, "मग नावावरून ओळखावे." हे तर आणखी चुकीचे. त्या बाईंचे नाव वाचून एखाद्याने त्यांना उर्दू पान दिले असते. पण त्यांना उर्दूपेक्षा मराठी वाचणे सोपे जाते. त्यांच्या सासऱ्यांना उर्दूच लागते. त्यांची मुलगी आमच्याकडे उर्दूतून शिकते आणि मराठीही वाचते. थोरला मुलगा इंग्रजीतून शिकतो. घर एक, आडनाव एक, गाव एक. पण वाचणाऱ्यांच्या भाषा तीन. गावावरून, आडनावावरून किंवा धर्मावरून माणसाची भाषा ठरवू नये. त्याला विचारावे.

तुमच्या हातातल्या या पुस्तकाचेच उदाहरण घ्या. २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेली 'बालभारती' ही संस्था मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी, गुजराती, कन्नड अशा अनेक माध्यमांसाठी पाठ्यपुस्तके तयार करते. दर वर्षी शाळांकडून मागणी घेतली जाते. त्या मागणीत इयत्ता आणि विद्यार्थ्यांची संख्या यांबरोबर माध्यमही लिहिलेले असते. माध्यम न विचारता केवळ तालुका पाहून पुस्तके पाठवली असती तर? तुमच्या वर्गात गणिताची मराठी पुस्तके आली असती आणि शेजारच्या शाळेत कदाचित उर्दू. पुस्तकांच्या बाबतीत जी गोष्ट आपल्याला सहज समजते, ती इंटरनेटच्या पानांच्या बाबतीत का समजू नये?

तर मग सर्व प्रश्न या चिठ्ठीने सुटतात का? नाही. हे माझे दुसरे मत आहे.

चिठ्ठी मोबाइलची असते, माणसाची नव्हे. आपल्याकडे पुष्कळ घरांत एकच मोबाइल तीन-चार जण वापरतात. सकाळी तो वडिलांकडे असतो, दुपारी आईकडे आणि संध्याकाळी अभ्यासासाठी तुमच्याकडे. प्रत्येक वेळी चिठ्ठीतली भाषा बदलत कोण बसणार? म्हणून सर्व्हरने चिठ्ठी वाचून एक भाषा निवडावी, पण बाकीच्या भाषांची दारे उघडी ठेवावीत. प्रत्येक पानावर, डोळ्यांना सहज दिसेल अशा ठिकाणी, 'हे पान या भाषांतही आहे' असे लिहिलेले असावे.

दौंड स्थानकावर काय होते ते आठवा. गाडीची सूचना मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा भाषांतून एकामागून एक दिली जाते. ज्याला जी समजते, ती तो ऐकतो. तिथे कोणाची भाषा ओळखण्याची गरजच पडत नाही. इंटरनेटवर एका पानात सगळ्या भाषा कोंबणे सोयीचे नाही, हे खरे. पण दुसरी भाषाही इथे आहे, एवढे तरी वाचकाला कळले पाहिजे.

याची चांगली उदाहरणे आहेत. 'डेबियन' नावाची एक संगणक-प्रणाली आहे. ती जगभरातले स्वयंसेवक मिळून तयार करतात. तिचे संकेतस्थळ चिठ्ठी वाचून भाषा निवडते आणि त्याबरोबर ते पान आणखी कोणत्या भाषांत आहे, याची यादीही पानाच्या तळाशी देते. 'विकिपीडिया' या ज्ञानकोशाने वेगळा मार्ग धरला आहे. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये आणि उर्दू विकिपीडिया २००४ मध्ये सुरू झाला. तिथे प्रत्येक भाषेचा पत्ताच वेगळा आहे आणि एका भाषेतल्या लेखावरून दुसऱ्या भाषेतल्या लेखावर जाण्यासाठी दुवे आहेत. पत्ता वेगळा असला की एक मोठा फायदा होतो. मराठी पानाचा पत्ता मी कोणाला पाठवला, तर त्याच्याकडे मराठीच पान उघडते. पत्ता एकच असता, तर मला मराठी पान दिसले असते आणि त्याला कदाचित इंग्रजी. मग 'तिसरी ओळ वाचा' असे मी सांगितले, तरी त्याचा गोंधळच झाला असता.

दुसऱ्या भाषेचे दार दाखवायचे, तर ते कसे दाखवावे? त्या भाषेचे नाव त्याच भाषेत, तिच्याच लिपीत लिहावे. 'मराठी' हा शब्द देवनागरीत असावा आणि 'उर्दू' हा शब्द उर्दू लिपीत. ज्याला इंग्रजी वाचता येत नाही, त्याला इंग्रजीत लिहिलेले 'मराठी' कसे सापडणार? काही ठिकाणी भाषेसाठी देशाचा झेंडा काढतात. तेही बरोबर नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात उर्दू मातृभाषा असलेले सुमारे ७५ लाख लोक आहेत. त्यांच्या भाषेसाठी कोणत्या परक्या देशाचा झेंडा काढणार? आणि आपला तिरंगा काढला, तर तो एकट्या मराठीचा, एकट्या हिंदीचा की एकट्या उर्दूचा? झेंडा देशाचा असतो. भाषा बोलणाऱ्यांची असते.

आता तिसरी गोष्ट, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. वाढपी कितीही चांगला असला, तरी जे रांधलेलेच नाही ते तो वाढू शकत नाही. आपण चिठ्ठीत 'उर्दू' लिहिले, 'मराठी' लिहिले. पण त्या भाषेत पान लिहिलेलेच नसेल, तर सर्व्हर बिचारा काय करणार? कित्येक पानांवर 'मराठी' या शब्दावर बोट ठेवले, की वरचे मथळे तेवढे मराठी होतात. आत गेलो की सूचना, अटी आणि तारखा इंग्रजीतच असतात. याला मराठी पान म्हणायचे का? दारावर मराठी तोरण आणि घरात शुकशुकाट, असा हा प्रकार आहे.

राज्याच्या कारभारात मराठीचा वापर व्हावा म्हणून १९६४ मध्ये महाराष्ट्र राजभाषा अधिनियम झाला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. या गोष्टींचा आम्हां सर्वांना आनंद आहे. मी उर्दू शाळेत शिकवते, पण मराठी माझीही भाषा आहे. मात्र भाषेचा मान केवळ समारंभात नसतो. आठवीतल्या मुलीच्या आईला अर्जाची शेवटची तारीख तिला समजणाऱ्या भाषेत, वेळेवर वाचायला मिळते का, यात तो मान असतो.

माझ्या या मतावर काही आक्षेप घेतले जातात. त्यांचाही विचार करू.

पहिला आक्षेप असा, की आजच्या जगात इंग्रजी यायलाच हवी, मग मराठी-उर्दूचा आग्रह कशाला? इंग्रजी यावी, हे मलाही मान्य आहे. माझ्या विद्यार्थ्यांनी ती चांगली शिकावी, असेच मला वाटते. पण अर्जाचे पान म्हणजे इंग्रजीची परीक्षा नव्हे. तिथे माणूस शिकायला आलेला नसतो, काम करायला आलेला असतो. बी. एड. करताना आम्हांला एक सूत्र शिकवले होते : ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. ज्ञात भाषेचा हात धरूनच माणूस अज्ञात भाषेकडे जातो.

दुसरा आक्षेप असा, की आता यंत्रेच भाषांतर करून देतात, मग वेगळे पान कशाला लिहायचे? यंत्राच्या भाषांतराने मजकुराचा सारांश कळतो, हे खरे आहे. परंतु त्यात चूक झाली तर तिची जबाबदारी कोणावर? तारीख, रक्कम आणि अट या गोष्टी जाणत्या माणसाने वाचून तपासलेल्या हव्यात.

तिसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे. भाषेची चिठ्ठी न सांगता प्रत्येक सर्व्हरकडे जाते. कोणी 'उर्दू, मराठी, गुजराती' अशी वेगळीच यादी ठेवली, तर तेवढ्यावरून आणि इतर खुणांवरून त्या माणसाचा माग काढणे सोपे होऊ शकते. हा धोका नियमावलीतही सांगितलेला आहे. म्हणून यादीत खरोखर लागणाऱ्या दोन-तीन भाषाच ठेवाव्यात. आणि पानावरच दुसऱ्या भाषेचे दार दिसत असेल, तर लांबलचक यादीची गरजही उरत नाही.

आता चूक कोणाची, या प्रश्नाकडे परत येऊ. मला विचाराल तर त्या आईची चूक सर्वांत कमी होती. आपल्या मोबाइलने आपल्या नावाने कोणती चिठ्ठी पाठवली, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. मोबाइल चालू करून देणाऱ्याने एक वाक्य विचारायला हवे होते. पान तयार करणाऱ्यांनी मराठी मजकूर लिहिला, हे चांगले केले. पण इंग्रजी पानावर 'मराठी' हा शब्द ठळक लिहायला ते विसरले. आणि आम्हां शिक्षकांचीही चूक होती. आम्ही मुलांना संगणकाचे भाग पाठ करून घेतले. पण आपल्या घरातला मोबाइल कोणती भाषा मागतो, हे पाहायला कधी शिकवले नाही.

ती चूक मी आता दुरुस्त करते आहे. दर वर्षी जूनमध्ये मी माझ्या वर्गाला एक घरचा अभ्यास देते. तोच तुम्हांलाही देते. आज घरी गेल्यावर आधी आई, अब्बा, दादा, दादी यांना एकेक करून विचारा, "तुम्हांला कोणत्या भाषेत वाचायला सोपे जाते?" त्यांचे उत्तर आपण गृहीत धरू नका. माझ्या वर्गातल्या कित्येक मुलांना हे उत्तर ऐकून नवल वाटले आहे. मग मोबाइलच्या 'सेटिंग्ज'मध्ये जाऊन भाषांची यादी उघडा. पुष्कळ मोबाइलमध्ये एकीखाली एक अशा अनेक भाषा ठेवता येतात. ज्याचा मोबाइल असेल, त्याच्या पसंतीप्रमाणे त्याच्यासमोरच त्या लावा. मग एखादे सरकारी पान उघडून पाहा. ते अजूनही परक्या भाषेत आले, तर दुसऱ्या भाषेचे दार कुठे आहे ते शोधा. दार सापडलेच नाही, तर त्या कार्यालयाला एक साधे, सभ्य पत्र लिहा. पत्रलेखन तुम्हांला शिकवलेलेच आहे.

आणि तुमच्यापैकी कोणी पुढे स्वतः अशी पाने तयार करील. दौंड-शिरूरची मुले हे काम का करणार नाहीत? तेव्हा एवढे लक्षात ठेवा : वाचकाची चिठ्ठी वाचा, दुसऱ्या भाषांची दारे दिसू द्या आणि आतला मजकूर पूर्ण लिहा.

यंदा जुलैत त्या बाई पुन्हा शाळेत आल्या. या वेळी त्या काही विचारायला आल्या नव्हत्या. अर्ज भरल्याची पावती दाखवायला आल्या होत्या. फॉर्म त्यांनी घरी बसून एकटीने, मराठीतून भरला होता. अजून अर्ज मंजूर व्हायचा आहे. पण तारीख हुकली नाही.